अजून एखादं वर्ष

६ जानेवारी

हिने वही आणून दिली. "माझ्याशी बोलायचं सोडलंत, निदान वहीशी तरी बोला," म्हणाली. पुढे आणखी काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. हल्ली सगळेच पुटपुटतात. घरात ही, प्रयोगशाळेत पोरं, बैठकीत कुलगुरू. स्पष्ट बोलायची पद्धतच गेली.

कामापासून सुरुवात करतो. आज कुलसचिवांच्या कार्यालयाचं पत्र आलं. फेब्रुवारीत 'पोस्टडॉक कृतज्ञता सप्ताह' साजरा करायचा आहे. ज्यांच्याकडे पोस्टडॉक आहेत त्या प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या संशोधकाच्या योगदानाबद्दल दीडशे शब्द लिहून द्यायचे. पोस्टडॉक म्हणजे काय, हे हिला मी आजवर दहादा तरी सांगितलं असेल. पीएच.डी. झालेली, म्हणून विद्यार्थी नाही. पक्की नेमणूक नाही, म्हणून प्राध्यापक नाही. वर्षावर्षाच्या करारावर काम करायचं. "म्हणजे धड माहेरची नाही, धड सासरची नाही," असं ही दर वेळी म्हणते आणि मी दर वेळी विषय बदलतो.

माझ्याकडे एकच आहे. गेली आठ वर्षं. पोरं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. इतक्या ओळखीच्या माणसाबद्दल दीडशे शब्द काय लिहायचे?

९ जानेवारी

ताईला म्हटलं, "तूच लिहून दे. तू काय काय करतेस ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"सर, माझ्याबद्दल मीच कृतज्ञ व्हायचं का?"

दोघंही हसलो. दुपारपर्यंत कागद माझ्या मेजावर होता. जेमतेम चार ओळी. दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांबद्दल, एक काचघरातल्या रोपांबद्दल, एक माळीबुवांबद्दल. मी विचारलं, "अगं, यात तू कुठे आहेस?"

"आहे की. सगळ्या क्रियापदांत."

हजरजबाबी आहे पोरगी. पोरगी कसली, एकोणचाळीसची आहे.

१५ जानेवारी

आज जेवणाच्या सुट्टीत ताई केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं. एरवी ती दार लावत नाही.

तिच्या आईच्या गावात विद्यापीठ आहे. तिथे वनस्पतिरोग विभागात पक्क्या प्राध्यापकाची एक जागा निघाली आहे. इथून सहा तासांचा प्रवास. आई एकटीच राहते, आणि गेल्या वर्षभरात विसरायला लागली आहे. दोनदा गॅस चालू ठेवून झोपली. शेजारीण लक्ष ठेवते, पण तिलाही तिचा संसार आहे. ताई हे सगळं खाली बघून सांगत होती. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तिने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा चेहरा लाल झाला.

शिफारसपत्र एकतीस तारखेपर्यंत हवं आहे. म्हटलं, उद्याच देतो.

२२ जानेवारी

ताईने पत्राची आठवण केली. देतो म्हटलं.

काचघरात फेरी मारली. आमचं काम तांबेऱ्याचं. गव्हाच्या पानांवर विटकरी भुकटी धरते, तोच तांबेरा. ही बुरशी काचेच्या बशीत वाढत नाही, तिला जिवंत पानच लागतं. म्हणून काचघरात यंत्राने गार ठेवलेले बावीस बंद कप्पे आहेत आणि त्यांत बावीस जातींचा तांबेरा, सव्वीस वर्षांत मी गोळा केलेला. दर तीन आठवड्यांनी तो कोवळ्या रोपांवर नव्याने धरवावा लागतो. नाहीतर जुनं पान वाळतं आणि त्याच्याबरोबर तांबेराही मरतो. नवीन वाण रोगाला टिकेल की नाही, ते यांच्यावरच ताडून पाहतात. परदेशातूनही वाण तपासून द्यायची मागणी येते. माझं नाव झालं ते या संग्रहामुळे.

ताई आणि माळीबुवा सतराव्या कप्प्यात होते. माळीबुवा तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात आणि गुडघा दाखवून औषध विचारतात. तीही बिचारी गुडघा बघते.

या वर्षी दोन पोरांचे प्रबंध व्हायचे आहेत, डिसेंबरात प्रकल्पाचा अहवाल आहे. ती गेली तर...

३० जानेवारी

पत्र लिहिलं. सकाळचे तीन तास गेले. तिच्याबद्दल जे जे चांगलं ते सगळं लिहिलं. कष्टाळू, काटेकोर, विद्यार्थ्यांची लाडकी. शेवटी एक वाक्य घातलं. तेवढं इथे उतरवून ठेवतो: 'अजून एखादं वर्ष मार्गदर्शनाखाली काढल्यास त्या स्वतंत्र जबाबदारीसाठी पूर्ण तयार होतील, असे मला वाटते.'

यात खोटं काही नाही. एखादं वर्ष आणखी मिळालं तर कुणाचं नुकसान होतं? नुसती स्तुती असलेल्या पत्राला वजनही नसतं. जागा काय, पुढच्या वर्षीही निघेल.

पत्र पाठवल्याचं सांगितलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. मला अवघडल्यासारखं झालं.

१२ फेब्रुवारी

कृतज्ञता सप्ताहाचा कार्यक्रम झाला. सभागृह अर्धं रिकामं. प्रत्येक पोस्टडॉकला व्यासपीठावर बोलावून नाव छापलेला कप दिला. एकोणीस जण गेले, ताईला बोलावलंच नाही. चौकशी केली तर तिचा करार एकतीस जानेवारीला संपलेला आणि नवा करार माझ्या सहीसाठी माझ्याच मेजावर पडलेला. कागदोपत्री ती बारा दिवस विद्यापीठात नव्हतीच. त्या बारा दिवसांत तिने बावीसच्या बावीस कप्प्यांतली रोपं बदलली होती.

मी उठून तिच्या त्या चार ओळी वाचून दाखवल्या. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून कुणीतरी काहीतरी विचारलं. एरवी अशा वेळी ताई शेजारी असते आणि तिची ती सवय, दुसऱ्याचा प्रश्न पुन्हा म्हणायची, "म्हणजे तुमचा प्रश्न असा की..." मला त्याचा नेहमी थोडा राग येतो, माझ्या आधी तोंड घालते म्हणून. आज ती मागे बसली होती. मी अंदाजाने म्हटलं, "हो, गेली आठ वर्षं." लोक हसले. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही.

घरी येण्याआधी कराराच्या कागदावर सही केली.

४ मार्च

ताईची निवड झाली नाही. दारातच उभी राहून तिने सांगितलं. दोन्ही हात पाठीमागे धरले होते, शाळेतल्या मुलीसारखे. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, हायसंही वाटलं. संध्याकाळी चांगलं चालून आलो. हिने विचारलं, "आज काय विशेष?" सांगितलं. हिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मी टीव्ही लावला. तिने तो बंद केला आणि म्हणाली, "आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो."

९ मार्च

ताईने राजीनामा दिला. तीस एप्रिल शेवटचा दिवस. आईच्या गावी बियाणं तपासणी केंद्रात काम मिळतंय म्हणे. बियाणं तपासायचं! ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. हे काम बारावी झालेला माणूसही करतो. मी तसं म्हटलंही. "तुझ्या शिक्षणाचं काय?"

"केंद्रातून घर पाच मिनिटांवर आहे, सर."

मी मनापासून समजावलं. ती ऐकत होती. हात परत पाठीमागे. अलीकडे फार औपचारिक झाली आहे.

३० एप्रिल

निरोप समारंभ वगैरे नको म्हणाली. तरी पोरांनी केलाच. आमच्याकडे पीएच.डी. करणारे दोघं, एक लांबू आणि एक धाकटी. लांबू सहा फूट दोन इंच आहे, तो मुसमुसून रडला. धाकटी रडली नाही, नुसती ताईच्या बाहीचं टोक धरून उभी राहिली. माळीबुवांनी गुलाबाची कलमं दिली. मी पेन दिलं.

ताईने मला एक जाड वही दिली. "सगळं लिहून ठेवलंय. सर, ही वाचा बरं का." वाचतो म्हटलं. खणात ठेवली आहे. सव्वीस वर्षांपूर्वी हे काचघर मीच उभं केलं. मला त्यात नवीन काय सांगणार?

१४ मे

परदेशी पाहुणे आले होते, पाच जण. बावीसही कप्पे स्वतः हिंडून दाखवले. बऱ्याच दिवसांनी मी मला माझ्यासारखा वाटलो.

२ जून

अनर्थ झाला.

धाकटी सकाळी पानं घेऊन आली. चौथ्या कप्प्यातला तांबेरा अशा वाणावर धरला आहे ज्यावर तो धरूच शकत नाही. म्हणजे तो चौथा नाही. किंवा नुसता चौथा नाही. दिवसभर तपासत बसलो. बावीसपैकी अकरा कप्प्यांत जाती एकमेकांत मिसळल्या आहेत. वेगळ्या करायच्या तर एकेका फोडातली भुकटी सुईच्या टोकाने उचलून पुन्हा पुन्हा वाढवायची, वर्षं लागतील. आणि काही जाती जोरकस असतात, त्या दुबळ्या जातींना दोन पिढ्यांत संपवतात.

लांबूला केबिनमध्ये बोलावलं आणि नाही नाही ते बोललो. कप्प्यांची जबाबदारी आता त्याच्याकडे आहे. तो काहीच बोलला नाही. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

५ जून

माळीबुवा कधी केबिनमध्ये येत नाहीत. आज चपला बाहेर काढून आले.

"साहेब, त्या पोराला बोलू नका."

"मग कुणाला बोलू?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "डॉक्टरीणबाई प्रत्येक कप्प्याला कोट बदलायच्या. हात धुवायच्या. रोज एकाच कप्प्यात जायच्या, फार तर दोन. आणि पाहुण्यांना काचेच्या बाहेरूनच दाखवायच्या. तुम्ही त्या दिवशी पाच माणसं घेऊन एकाच कोटात सगळीकडे फिरलात. मी दारात हात आडवा केला होता. म्हटलं होतं, साहेब, कोट. तुम्ही म्हणालात, हो हो, थंडी आहे."

मला त्यांचा आडवा हात आठवतो. मला वाटलं होतं, रस्ता दाखवताहेत.

६ जून

लांबूची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे, सर." ठीक नाही, हे माझ्यासारख्या माणसालाही कळलं.

१२ जून

धीर सोडलेला नाही. प्रत्येक जातीची थोडी भुकटी ताईने अतिथंड पेटीत नळ्यांमध्ये घालून ठेवली आहे. मिसळलेल्या अकरा जातींच्या नळ्या बाहेर काढल्या, रोपांवर धरवल्या. बारा दिवसांत कळेल. काही जातींची एकेकच नळी होती.

२१ जून

विभागात माझं व्याख्यान होतं. व्याख्यान झालं, नंतर प्रश्न सुरू झाले. पहिल्याने काय विचारलं कळलं नाही, मी काहीतरी उत्तर दिलं. दुसऱ्याचंही तसंच. तिसरी एक तरुण प्राध्यापिका होती. ती उठून माझ्याजवळ आली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली, "सर, मी, वेगळंच, विचारलं, होतं." सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असावी. मला टाचणी ऐकू आली नसती.

नंतर व्हरांड्यात धाकटी पाण्याचा पेला घेऊन आली. मी म्हटलं, "आजकाल लोक फार पुटपुटतात." ती माझ्या तोंडासमोर उभी राहिली.

"सर, ताई तुमच्यासाठी प्रश्न परत म्हणायच्या."

"कधी?"

"नेहमीच. तुमच्या उजव्या बाजूला बसून. त्या म्हणायच्या, सरांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, पण त्यांना कुणी सांगायचं नाही. त्यांना लागेल."

"किती वर्षं?"

"मी आले तेव्हापासून तर आहेच."

धाकटी येऊन चार वर्षं झाली. मग ती आणखी बरंच बोलली. तिला दुसऱ्या वर्षी सगळं सोडून घरी जायचं होतं, सामानही बांधलं होतं. तेव्हा ताई दर गुरुवारी तिला घेऊन तळ्याभोवती चालायची. कामाबद्दल बोलायचं नाही, असा नियम होता. सहा महिने हे चाललं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझी समजूत अशी होती की धाकटीची गाडी मीच रुळावर आणली, एकदा केबिनमध्ये बोलावून चार शब्द सुनावले होते म्हणून.

२४ जून

बारा दिवस झाले. अकरापैकी एकाही नळीतला तांबेरा धरला नाही. पानं हिरवीगार. गव्हाचं पान इतकं निरोगी बघून आजवर कुणाला रडू आलं नसेल.

खण उघडला. ताईची वही काढली. पान एकोणीस: 'पेटीतून काढल्यावर नळी आधी कोमट पाण्यात सात मिनिटं ठेवणे. नाहीतर भुकटी जागी होत नाही. हे विसरल्यास नमुना वाया जातो.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

सात जातींच्या दुसऱ्या नळ्या आहेत. चार जातींच्या नाहीत. त्या चार आता जगात कुठेही नाहीत. मिसळलेल्या कप्प्यांत त्या कधीच दबून गेल्या.

२५ जून

वही रात्रंदिवस वाचतो आहे. एकशे बारा पानं. कुठल्या कप्प्याचं दार फुगतं ते आहे. लांबू घाईत असला की नाव लिहायचं विसरतो, म्हणून त्याचं काम संध्याकाळी नजरेखालून घालावं, हे आहे. माळीबुवांना वाकायचं काम दुपारनंतर देऊ नये. अहवालाचा पहिला मसुदा सरांना द्यावा, नंतर तो त्यांचा म्हणूनच बोलावं. बैठकीत सरांच्या उजवीकडे बसावं.

माझ्यासाठी लिहिलेली वही नव्हतीच ती. तिच्या जागी जो कुणी येईल त्याच्यासाठी होती.

२८ जून

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर आली. डावा कान पूर्ण गेल्यात जमा, उजवाही अर्धा. डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, अलीकडेच. ही म्हणाली, "सहा वर्षं." यंत्र बसवलं. रस्त्यावर आल्यावर हिच्या बांगड्यांचा आवाज आला. मी म्हटलं, "नवीन आहेत का?" ती म्हणाली, "लग्नातल्या आहेत," आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

११ जुलै

जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या निवड समितीवर होता. निवृत्त झालाय, भरभरून बोलतो. मध्येच म्हणाला, "अरे, तुझ्या त्या पोस्टडॉकचं काय झालं? मुलाखत सगळ्यांत उत्तम झाली होती तिची. पण तुझं ते वाक्य आम्हाला फार मोलाचं वाटलं बघ. तिला तूच आठ वर्षं जवळून पाहिलेलं. तूच म्हणतोस अजून एखादं वर्ष, तर आम्ही कोण? नाहीतर तिलाच घेणार होतो."

मी म्हटलं, "हो का."

यंत्रामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

१३ जुलै

हिला सांगितलं. वाक्य वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हे मला जानेवारीतच कळलं होतं."

"कसं?"

"तीन तास पत्र लिहीत होतात. चांगलं लिहायला तुम्हाला तीन तास लागले नसते."

मग म्हणाली, "जा. तिला स्वतः जाऊन सांगा. पत्रबित्र लिहू नका."

२० जुलै

गेलो. सहा तास बसमध्ये काय बोलायचं ते पाठ केलं, उतरलो तेव्हा एकही वाक्य आठवेना.

बियाणं तपासणी केंद्र म्हणजे एक लांब खोली. मेजांवर ओले कागद, त्यांवर दाणे. ताई चिमट्याने कोंब मोजत होती. मला बघून तिने आधी तो आकडा लिहिला, मगच उठली.

"सर, तुम्ही?"

"एक सांगायचं होतं."

"आईला जेवायला घालायची वेळ झाली. चालत चालत बोलू."

ती माझ्या उजव्या बाजूला आली. मी कानातलं यंत्र दाखवलं. "अरे वा," म्हणाली आणि तरी उजवीकडेच चालत राहिली.

मी म्हटलं, "ते पत्र..."

"माहीत आहे. समितीतल्या एका बाईंनी फोन करून सांगितलं होतं. मार्चमध्येच."

"मार्चमध्ये? आणि तरी दोन महिने तू..."

"पोरांचे प्रबंध अर्धवट होते." थोडं चालून ती म्हणाली, "मला राग आला नाही असं समजू नका, सर. तुमच्यासमोर उभं राहिलं की माझे हात थरथरायचे. म्हणून मागे धरायचे."

"मला खरंच वाटलं होतं की एखादं वर्ष तुला..."

"नाही, सर. वाटलं नव्हतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. ते मला ऐकू यावं म्हणून मी यंत्र घेतलं होतं.

मी म्हटलं, नवीन पत्र लिहितो, हवं तिथे लिहितो, समितीला कळवतो. ती थांबली.

"आईला आता मी तिची बहीण वाटते. माझ्या मावशीला जाऊन पंधरा वर्षं झाली. आई मला मावशीच्या नावाने हाक मारते आणि विचारते, माझी मुलगी कधी येणार. मी सांगते, येईल, कामात आहे." ती रस्त्याकडे बघत होती. "मार्चपर्यंत ओळखत होती, सर. एप्रिलमध्येही मध्ये मध्ये. ती मला ओळखत होती तोवर मी तुमच्याकडे होते. तुम्ही कितीही पत्रं लिहा."

रस्त्याने एक सायकलवाला गेला, त्याची घंटी फार मोठी वाटली.

मग तिनेच विचारलं, "कप्पे कसे आहेत?"

सांगावं लागलं. पाहुणे, कोट, नळ्या. चार जाती गेल्या. तिने विचारलं, "सातवी?"

"गेली."

ती तिथेच एका कुंपणाच्या कठड्यावर बसली. सातवी जात तिनेच पहिल्या वर्षी आणली होती. डोंगरातल्या एका शेतात पाच दिवस राहून, एका पानावरून. स्वतःबद्दल बोलताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता तिने ओढणीने तोंड झाकून घेतलं. मी शेजारी उभा होतो, पण पाठीवर हात ठेवायचा अधिकार मला आहे असं मलाच वाटलं नाही.

घराच्या फाटकापाशी म्हणाली, "आत बोलावत नाही. अनोळखी माणूस बघितलं की आई घाबरते." फाटक लावता लावता म्हणाली, "धाकटीचं शिफारसपत्र वेळेत पाठवा. आणि पाठवण्याआधी तिला वाचू द्या."

८ ऑगस्ट

वर्गमित्राला लेखी कळवलं की माझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते मी माझ्या सोयीसाठी लिहिलं. कुलसचिवांनाही प्रत पाठवली. सोबत ताईसाठी कायमची जागा निर्माण करावी अशी विनंती केली.

वर्गमित्राचं उत्तर आलं: जागा भरली, माणूस चांगला आहे, आता हे उकरून काढू नकोस. कुलसचिवांचं उत्तर आलं: पोस्टडॉक संवर्गात कायम पदाची तरतूद नाही. सोबत पुढच्या वर्षीच्या कृतज्ञता सप्ताहाच्या तारखा.

धाकटीला तिचं पत्र वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, मग विचारलं, "हे सगळं खरंच वाटतं तुम्हाला?" तिचा विश्वास बसत नव्हता. तो बसावा असं मी चार वर्षांत काही केलेलं नाही.

३० ऑगस्ट

ताईच्या जागेसाठी त्रेचाळीस अर्ज आले. सगळे वाचले. प्रत्येकाच्या मागे एखादी प्रयोगशाळा, आठ-दहा वर्षं, आणि माझ्यासारख्या कुणाचं तरी पत्र. मी पत्रांची शेवटची वाक्यं आधी वाचत होतो.

आज एकीची मुलाखत होती. चौतीस वर्षांची. या आधी तीन शहरांत तीन करार. खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. काम तिला उत्तम येतं, तांबेऱ्याबद्दल बोलताना तिचे हात आपोआप हलतात.

मी ठरवलं होतं, तिच्याशी लपवाछपवी करायची नाही. म्हटलं, "बाई, स्पष्ट सांगतो. ही जागा वर्षावर्षाच्या कराराची आहे. पक्की नाही, होणारही नाही. काम भरपूर आहे आणि त्यातलं निम्मं कागदावर कुठेच दिसत नाही. इथे आधी जी होती तिचं माझ्या हातून फार नुकसान झालं. तुम्ही नीट विचार करा. घरी कोण आहे?"

ती जरा घाबरली. मी नकार देतोय असं तिला वाटलं असावं. घाईघाईने म्हणाली, "वडील आहेत, सर. पण त्यांची काही अडचण नाही, त्यांनाही सवय झालीय. मी सुट्ट्यासुद्धा घेत नाही."

मी तिला परत जा म्हणायला हवं होतं. वडिलांकडे जा, पुढची गाडी पकडून जा, असं सांगायला हवं होतं. काचघरात सात जाती नळ्यांतून नुकत्या उठताहेत, लांबूचा प्रबंध अडला आहे, माळीबुवांना वाकवत नाही.

म्हटलं, "एक तारखेपासून या."

तिने उठून माझे दोन्ही हात धरले.